‘मी तेव्हाच सांगितलं होतं!’

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय 49. ठाण्यात राहतो, निमसरकारी नोकरी आहे. घरी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. राजकारण, क्रिकेट आणि पत्ते (हल्ली पोकर) हे माझे तीन जिव्हाळ्याचे विषय. त्यावर रोज बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि मी नुसता बोलत नाही, वाचतो, आकडे काढतो. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात महायुतीला फटका बसणार, हे मी एप्रिलमध्येच जेवणाच्या टेबलावर मतदारसंघ मोजून सांगितलं होतं आणि तसंच झालं. विधानसभेला अंदाज चुकला, पण त्याची कारणं वेगळी होती. त्या निकालानंतर साडूंकडे मराठवाड्यात गेलो असताना मी एवढंच म्हणालो, की दीड हजारात मतं विकली गेली. साडू शेतकरी माणूस. ते काही बोलले नाहीत, म्हणजे मुद्दा पटला असं वाटलं. पण तेव्हापासून फोन नाही आणि गेल्या दिवाळीलाही आले नाहीत. मुलगी मॅच स्वतःच्या खोलीत मोबाइलवर बघते. महिला विश्वचषकाची फायनल तर तिने मैत्रिणीकडे जाऊन पाहिली. वर मला विचारते, ‘शेफालीबद्दल काय बोलला होतात, आठवतं का?’ बायको म्हणते, ‘तुमची कॉमेंट्री बंद होणार आहे, की मी टीव्ही बंद करू?’ पोकर आधी ॲपवर खेळायचो. बंदी आल्यापासून शनिवारी मित्राकडे आणि अधूनमधून गोव्याला. हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, आणि एकंदरीत मी फायद्यातच आहे. मागच्या खेपेला गोव्यात 40 हजारांच्या आसपास गेले, ते घरी बोललो नाही, उगाच विषय वाढतो. आता वाटतं, घरात मौनच धरावं. की घरचेच जास्त हळवे झालेत?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात लोकसभेच्या अंदाजाला अख्खा परिच्छेद आहे. कुठल्या जागी काय होणार म्हणालात, कोण हसलं, निकालाच्या दिवशी कोणाला फोन केलात, सगळं. सारांशात ते मला कापावं लागलं. 40 हजारांना अर्धी ओळ आहे. आणि शेफालीबद्दल तुम्ही नेमकं काय बोलला होतात, ते पत्रात नाहीच! माझं उत्तर खरं तर याच मापांबद्दल आहे.

आधी राजकारण घेऊ, कारण तुमच्या मते तुमची बाजू तिथे सगळ्यात भक्कम आहे. लोकसभेला महाराष्ट्रातल्या 48 पैकी महाविकास आघाडीला 30 जागा मिळाल्या आणि महायुतीला 17. तुमचं बरोबर आलं. पण त्याच निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांमध्ये एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. मुंबई उत्तर-पश्चिमची जागा तर 48 मतांनी गेली. अठ्ठेचाळीस! एका सोसायटीतले लोक त्या दिवशी लोणावळ्याला गेले असते किंवा गेले नसते, तरी निकाल फिरला असता. एवढ्या निसरड्या जमिनीवर उभा असलेला अंदाज खरा ठरला, याचा आनंद जरूर माना. पण ‘मला कळतं’ याचा तो दाखला होत नाही. पाचच महिन्यांनी विधानसभेला 288 पैकी 230 जागा महायुतीने घेतल्या. राज्य तेच, मतदारही बव्हंशी तेच. लोकसभेला सुमारे 61 टक्के मतदान झालं होतं, ते विधानसभेला 66 वर गेलं. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली. तुम्ही म्हणता त्या ‘वेगळ्या कारणां’त हे सगळं येतं, मान्य. पण लोकसभेचा अंदाज बरोबर आला तेव्हा तुम्ही वेगळी कारणं शोधायला गेला नव्हतात. बरोबर आलं की अभ्यास, चुकलं की परिस्थिती. घरातल्या माणसांना तुमच्या मतांपेक्षा हा हिशेब जास्त खुपत असावा, असा माझा अंदाज आहे. (अंदाजच. साठ-सत्तर टक्के म्हणा.)

गंमत अशी, की हा हिशेब किती खोटा असतो हे तुमच्याइतकं तुमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही पोकर खेळता. हातात एक्क्यांची जोडी आहे, समोरच्याकडे राजांची, आणि टेबलावरची सामायिक पाचही पानं उघडायच्या आधी सगळे पैसे मध्ये गेले. तुम्ही शंभरातून सुमारे 82 वेळा जिंकणार आणि 18 वेळा हरणार. हरलात म्हणून एक्क्यांवर पैसे लावणं चूक ठरत नाही, आणि समोरचा जिंकला म्हणून राजांवर सगळं लावणारा शहाणा ठरत नाही. मुरलेला खेळाडू निकाल आणि निर्णय वेगवेगळे ठेवतो. एवढं शिकायलाच लोकांची वर्षं जातात, पैसे जातात. तुम्ही ते शनिवारी रात्री पाळता, आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर बसून कर्णधाराची लाज काढता.

क्रिकेटमध्येही तेच. 2023 च्या विश्वचषकात आपण सलग 10 सामने जिंकलो आणि 19 नोव्हेंबरला अहमदाबादला अंतिम सामना हरलो. त्या रात्री देशभर रोहित शर्माच्या डावपेचांचं पोस्टमॉर्टेम झालं. पुढच्याच वर्षी, 29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि 6 गडी हातात होते. तिथून आपण 7 धावांनी जिंकलो. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमार सीमारेषेवर झेल घेतो, चेंडू आत उडवतो, रेषेबाहेर जातो, परत येऊन पकडतो. पाय वीतभर इकडेतिकडे पडला असता तर त्याच कर्णधाराच्या त्याच निर्णयांबद्दल तुम्ही काय बोलला असतात? प्रामाणिकपणे आठवा. तुमचं नाही आठवलं तर मुलीला विचारा, तिला सगळं आठवतं असं दिसतंय.

आणि तिला आठवतं तेच तुम्हाला नको आहे. शेफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतीका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्यापूर्वी तिला बोलावलं. ‘ऐनवेळी हिला कशाला?’ असंच काहीसं तुम्ही बोलला असणार, तुम्ही एकटे नव्हतात. मग 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, ती 87 धावा करते, दोन बळी घेते, सामन्याची मानकरी ठरते आणि भारतीय मुली पहिल्यांदा विश्वचषक उचलतात. तुमच्या मुलीच्या पिढीसाठी ही 1983 आहे. ती संध्याकाळ तिने मैत्रिणीच्या घरी काढली. तुमच्या पत्रात यावर ‘वर मला विचारते’ एवढीच तक्रार आहे. तिने तुम्हाला हरवण्यासाठी विचारलं असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, तिला एकदाच ‘हो गं, माझं चुकलं होतं, काय खेळली ती!’ असं ऐकायचं होतं, म्हणजे मग तुमच्याशी त्या सामन्याबद्दल बोलता आलं असतं. अजूनही बोलता येईल. हायलाइट्स कुठे पळून जात नाहीत. तिच्या शेजारी बसून पाहा आणि बोलणं तिच्याकडे सोपवा.

बायकोच्या तक्रारीचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कुठे पडला, ढग आलेत का, सगळं त्यांना शब्दांनी दाखवावं लागे. टीव्हीवर लोकांना चेंडू दिसतो. म्हणून रिची बेनॉसारखा समालोचक चित्रात भर घालता येईल तेव्हाच तोंड उघडायचा, एरवी गप्प. तुम्ही टीव्हीसमोर बसून रेडिओची कॉमेंट्री करताय. एक नियम करून बघा. षटक चालू असताना बोलायचं नाही, षटक संपल्यावर बोलायचं. आणि त्यातही समोरच्याला दिसलं नसेल असंच काहीतरी. ‘अरे काय मारतोय हा!’ हे सगळ्यांना दिसतं. ‘मिडविकेट मागे नेलाय, आता आखूड टाकणार बघ’, हे ऐकायला माणूस खोलीतून बाहेर येतो. एखाद्या मालिकेपुरतं जरी जमलं तरी बायकोचा रिमोटवरचा हात सैल होईल.

आता साडू. इथे मी थोडी कडक होणार आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘एवढंच म्हणालो’. कोणाच्या घरात म्हणालात? साडूंच्या. चहा कोणी आणून दिला होता? मेहुणीने. तिचं वय आणि त्या घराचं उत्पन्न पाहता लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यात येत असण्याची शक्यता बरीच आहे. योजना 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांसाठी आहे. म्हणजे तुम्ही राज्याच्या राजकारणावर भाष्य करत होतात आणि समोरच्या दोघांना ऐकू आलं, की ही बाई दीड हजाराला विकली गेली. तेही तिच्याच स्वयंपाकघराच्या दारात. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मला पटतं. त्यांना कसं कळणार? हे राजकीय मतभेद नव्हेत हो. त्यांनी तुमच्याशी वाद घातलाच नाही.

‘ते काही बोलले नाहीत, म्हणजे मुद्दा पटला.’ या एका वाक्यावर जरा थांबा. पोकरच्या टेबलावर समोरच्याने पानं टाकली तर तुमची पानं चांगली होती असं सिद्ध होतं का? अजिबात नाही. त्याला या डावात आणखी पैसे घालायचे नव्हते, इतकंच कळतं. साडूंनी त्या दिवशी पानं टाकली. तुमच्या घरीही गेली काही वर्षं लोक पानं टाकून उठत असावेत आणि तुम्ही ते डाव ‘जिंकलेले’ म्हणून मोजत असाल.

शिवाय तुम्ही फार मोठी गोष्ट हातची घालवलीत. त्या खोलीत मराठवाड्यातल्या निवडणुकीबद्दल पहिल्या हाताची माहिती असलेला एकच माणूस होता आणि तो तुम्ही नव्हतात. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागत होतं. तो राग सरकारवर निघेल असं पुष्कळांना वाटत होतं. तसा तो का निघाला नाही, किंवा निघूनही जागांमध्ये का दिसला नाही, हे साडूंना विचारलं असतंत तर तुमचा विधानसभेचा अंदाज कुठे घसरला ते कळलं असतं. पैशाचा मुद्दाही त्यांनी स्वतः मांडला असता, कदाचित तुमच्यापेक्षा धारदार. सरकारने आपल्या खात्यात काही टाकलं की मतावर परिणाम होतो का, हा प्रश्न महागाई भत्ता घेणाऱ्या नोकरदारालाही विचारता येतो. तो त्यांनी तुम्हाला विचारला नाही, ही त्यांची सभ्यता.

तेव्हा फोन करा. साडूंना नाही, मेहुणीला. आणि मुद्द्यावर या, पाल्हाळ नको. ‘त्या दिवशी मी जे बोललो ते तुमच्या घरात बसून बोलायला नको होतं. तुम्हाला लागलं असणार. माझं चुकलं.’ बस. ‘पण माझा मुद्दा असा होता’ हे शेपूट लावलंत तर फोन न केलेला बरा. ती ‘अहो त्यात काय एवढं’ म्हणेल, बहुतेक सगळे म्हणतात. तेवढ्यावर सगळं मिटलं असं समजू नका, दिवाळीला यायचं आमंत्रण वेगळं आणि वेळेवर द्या. साडू आले की राजकारण काढायचंच नाही, असं मी सांगणार नाही. राजकारण हा शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा विषय आहे, त्यावर न बोलणं हा काही मोठा सुसंस्कृतपणा नाही. पण पहिला प्रश्न तुमचा असू दे आणि पहिलं उत्तर त्यांचं.

म्हणूनच तुमचा मौनाचा बेत मला मान्य नाही. रोज बोलणारा माणूस एकदम गप्प झाला की घराला शांतता मिळत नाही, घर धसका घेतं. ‘आता काय झालं?’ म्हणून सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहतील आणि जेवणाचं टेबल पुन्हा तुमच्याचभोवती फिरेल. फरक इतकाच, की पूर्वी बोलून आणि आता न बोलून. शिवाय तुम्हाला हे विषय खरंच आवडतात. मतदारसंघ मोजणारा बाप ही वाईट गोष्ट नाही. कितीतरी घरांत बाप फोनवरून मान वर काढत नाही.

मौनाऐवजी एक वही घाला. निवडणूक असो, मालिका असो, अर्थसंकल्प असो, आधी अंदाज लिहायचा आणि शेजारी टक्के लिहायचे. ‘हा पक्ष जिंकणार’ असं नाही, तर ‘हा पक्ष जिंकण्याची शक्यता 65 टक्के’. खाली एक ओळ, कशामुळे माझं मत बदलेल. निकाल लागला की वहीत खूण करायची, कोणाला फोन करायचा नाही. घरच्यांनाही त्यात अंदाज लिहू द्या, मुलीला तर नक्कीच. महापालिका निवडणुका असोत की आयपीएल, वर्षभरात ढीगभर नोंदी होतील. जिथे जिथे तुम्ही 70 लिहिलंत त्यातले साधारण 70 टक्के खरे ठरले, तर तुम्हाला खरंच कळतं, आणि ते ओरडून सांगावं लागणार नाही. 90 लिहिलेल्यांतले निम्मेच खरे ठरले तर तेही कळेल. टक्के लिहायला लागल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी पाहिलं आहे. ‘शंभर टक्के’ हा शब्द बोलताना सुटतो, लिहिताना हात अडतो.

हीच वही पोकरला लावा, आणि इथे मात्र आजपासून.

‘एकंदरीत फायद्यातच आहे’ असं तुम्ही लिहिलंय. कशावरून? पत्रात आकडा एकच आहे आणि तो तोट्याचा आहे. ॲपवर किती भरले आणि किती काढले, ते बँकेच्या खात्यात दिसेल, तेवढं स्टेटमेंट काढा. शनिवारच्या मित्रांच्या डावाचं आठवेल तसं लिहा. गोव्याचं मात्र सगळं लिहा. जाण्यायेण्याचं भाडं, हॉटेल, कॅसिनोच्या बोटीवरचं प्रवेशाचं पॅकेज, टिप, आणि टेबलावर गेले ते. मांडवीवरच्या त्या बोटींवर पोकरमध्ये कॅसिनो तुमच्याविरुद्ध खेळत नाही हे खरं, पण प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा, म्हणजे रेक, काढून घेतो. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांचे मिळून पैसे दर तासाला कमीच होतात. नुसतं बरोबरीत राहायचं तरी बाकीच्यांपेक्षा रेकच्या वर सरस खेळावं लागतं, आणि बाकीचे रोज तेच करणारे असतात. जाता जाता सांगते, गोवा सरकारने 2020 मध्ये खुद्द गोंयकारांना या कॅसिनोंत खेळायला मनाई केली. बाहेरून येणाऱ्यांना दार उघडं आहे. ज्यांच्या अंगणात हा धंदा चालतो त्यांनी आपल्या माणसांसाठी काय ठरवलं, ते ध्यानात घ्या.

‘जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ’ हा युक्तिवाद मला माहीत आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीबद्दल तसं म्हटलं आणि तीन पत्तीला मात्र नशिबाच्या खात्यात टाकलं. पोकरबद्दल उच्च न्यायालयांचं एकमत नाही, गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता तर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये हा वादच निकालात काढला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवायचं नाही. त्या कायद्याचा रोख खेळवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैशांची ने-आण करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण म्हणून परदेशी ॲप किंवा कोणा एजंटने पाठवलेल्या लिंकच्या नादी लागू नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. शनिवारच्या मित्रांच्या डावातही खेळवणारा यजमान डावामागे हिस्सा काढत असेल, तर तो घरगुती डाव राहिलेला नाही. तसं असेल तर तिथून उठा.

पण हे सगळं वकिलांचं. तुमच्या बायकोला विचाराल तर पोकरमध्ये कौशल्य किती आणि नशीब किती, हा तिचा प्रश्नच नाही. घरातून 40 हजार गेले आणि ते तिला माहीत नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तोही तिने अजून विचारलेला नाही, कारण तिला ठाऊकच नाही. तुमच्या पत्रातली ‘उगाच विषय वाढतो’ ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचली. ज्या माणसाला कुठलाही विषय वाढवायला आवडतो, त्याला हा एकच विषय वाढायला नको आहे.

तेव्हा तिला सांगा. खात्यात तिला दिसायच्या आधी सांगा. आकडा सांगा, ‘थोडेफार’ नको. हे पैसे कशातून गेले तेही सांगा, बोनसमधून, मुलीच्या फीमधून की क्रेडिट कार्डवरून. ती चिडेल, आणि तिला चिडू द्या. मध्येच संभाव्यतेचं गणित समजावायला जाऊ नका. पुढचं दोघांनी ठरवा, महिन्याला एवढीच रक्कम, ती गेली की खेळ संपला, आणि हिशेबाची वही तिला कधीही उघडता येईल अशा जागी. गोवा तूर्त बंद. हे तिने घातलेलं बंधन आहे असं मित्रांना सांगत फिरू नका, तुमचं आहे म्हणून सांगा.

त्याआधी स्वतःला काही गोष्टी विचारा. गेलेले पैसे भरून काढायला म्हणून पुन्हा बसलात का? चिडून, हट्टाने खेळलात का? तुमच्या भाषेत त्याला टिल्ट म्हणतात, तुम्हाला लगेच कळेल. कोणाकडून उसने घेतले का? 40 हजारांच्या मागे आणखी काही लपलं आहे का, जे मलाही लिहिलं नाहीत? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर महिन्याची मर्यादा वगैरे सोडा, खेळच थांबवा आणि बोलायला माणूस शोधा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करायला वेड लागावं लागत नाही. हे मी तुमच्याइतकंच इतर वाचकांसाठी लिहिते आहे. ॲपवर आणि बोटीवर गेलेल्या पैशांची पत्रं मला बऱ्याचदा येतात, आणि त्यातली बहुतेक फार उशिरा लिहिलेली असतात.

‘की घरचेच जास्त हळवे झालेत?’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नाही झालेत. बायकोने अजून टीव्ही बंद केलेला नाही, मुलगी अजून टोमणे मारते. टोमणे मारणारी मुलगी परवडली, काळजी ‘हो बाबा’ म्हणणाऱ्या मुलीची करायची असते. आणि तुमच्यासारख्यांच्या घरच्यांना एक सुचवते. ‘पुरे झालं’ म्हणण्याऐवजी ‘किती टक्के?’ असं विचारा. माणूस क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात तुम्हाला बोलता येतं.

तुम्ही सुरुवात पैशांपासून करा. स्टेटमेंट काढून, आकडा कागदावर घेऊन बायकोशी बोला, येत्या शनिवारच्या आत, म्हणजे त्या रात्री खेळायला जायचं की नाही हेही तिच्यासमोरच ठरेल. मेहुणीचा फोन त्यानंतरच्या रविवारी. क्रिकेट थांबू शकतं, पुढची मालिका कधी ना कधी असतेच.